चादरीचं दुसरं टोक

भाजीबाजाराच्या मागच्या भिंतीवर नगरपालिकेचा फर्मिन शिडीवर चढून लोखंडी अक्षरं ठोकत होता, आणि एवेलियो कार्रास्काल काखेत पाव धरून खाली उभा होता. वाक्य त्याचंच होतं. निदान सगळ्या सामोरा शहराची तशी समजूत होती. 'आई गेली, आणि चादरीचं दुसरं टोक धरायला जगात कुणी उरलं नाही.' खाली त्याचं नाव यायचं होतं, आणि रविवारी महापौर येऊन पडदा ओढणार होते. फर्मिन वरूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या वर्गात मी दोनदा नापास झालो, आणि आता तुमचं वाक्य माझ्या हातात आहे. सरळ आहे का बघा, नाहीतर म्हणाल गाढव ते गाढवच राहिलं." एवेलियो हसला, म्हणाला, शेवटचा शब्द जरा खाली गेलाय. फर्मिननं तो वर घेतला. मग तोंडातला खिळा हातात घेत तो म्हणाला, "माझी म्हातारी गेली ना, तिच्या मयताला वाटायच्या कार्डावर हेच छापलं होतं. छापखानेवाला हल्ली विचारतच नाही. फोटो घेतो, तारीख घेतो, खाली हे वाक्य टाकतो." एवेलियोनं मान हलवली. हे त्याला ठाऊक होतं. गेली तीस वर्षं या शहरातल्या प्रत्येक प्रेतयात्रेत कुणी ना कुणी ते कार्ड त्याच्या हातात ठेवत होतं, आणि वर त्याच्याकडे बघून ओळखीचं हसत होतं. "एक विचारू? रागावणार नाही ना?" फर्मिन म्हणाला. "तुम्ही कधी चादरीची घडी घातलीत का हो?"

"काय?"

"नाही, बायको काल म्हणत होती. म्हणते, हे बाईमाणसालाच सुचणार. पुरुष काय, चादरीवर झोपतो फक्त. मी म्हटलं, अगं, मास्तर लेखक आहेत, त्यांना सगळं सुचतं."

"सुचतं कधी कधी," एवेलियो म्हणाला, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटून तो तिथून निघाला. साधी गंमत होती. फर्मिनच्या मनात काही नव्हतं. पण सांता क्लारा रस्त्यावरून चालताना त्याला कळलं, की आपण काखेतला पाव इतका आवळून धरलाय की तो मधोमध मोडलाय. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यानं एकाही चादरीची घडी घातली नव्हती. त्याची बायको ओनोरिना होती तेव्हा ती आणि कामवाली दर सोमवारी घराच्या लांबट बोळात समोरासमोर उभ्या राहत, मधे पांढरी चादर ताणलेली, आणि तो अभ्यासिकेतून बाहेर येई तेव्हा त्याला तिच्या खालून वाकून जावं लागे. "जाऊ द्या की मला," तो वैतागून म्हणे, आणि त्या दोघी काहीतरी हसत. काय हसत, ते त्यानं कधी विचारलं नाही. ओनोरिना गेल्यावर चादरी लाँड्रीत जाऊ लागल्या आणि कागदात बांधून परत येऊ लागल्या. त्या घडीपर्यंत कशा पोचतात याच्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. आणि तरी शाळांतली मुलं ते वाक्य पाठ करत, परगावचे प्राध्यापक त्यावर लेख लिहीत, आणि एका बाईनं तर त्याला पत्र लिहून कळवलं होतं, की तुमच्या आईवरचं तुमचं प्रेम वाचून मी रात्रभर रडले. गंमत अशी, की ते वाक्य ज्या कादंबरीत होतं ती निघाली तेव्हा त्याची आई गावी धडधाकट होती. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिनं विचारलं होतं, "काय रे, मला मारून टाकलंस म्हणे पुस्तकात?" त्यावर तो मोठ्यानं हसला होता. ते हसणं आता त्याला नको इतकं स्पष्ट ऐकू येत होतं.

घरी येऊन त्यानं पावाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि कोट न काढताच अभ्यासिकेत गेला. जाड शब्दकोश खाली काढला. त्यात दडवलेलं पाकीट जिथं होतं तिथंच होतं, पिवळं पडलेलं, चिकटवलेलं, वर निळ्या शाईत एकच शब्द: 'नीळ'. अडतीस वर्षं. एवढ्या वर्षांत त्यानं ते दहा-बारा वेळा तरी हातात घेतलं असेल आणि दर वेळी न उघडता परत ठेवलं असेल. उघडलं नाही तोवर आत कुणी नाही, असा त्याचा हिशेब होता. आत कुणी नाही, म्हणजे लुबाडलं तेही कुणाला नाही. माणूस स्वतःशी किती शहाणपणा करू शकतो, याची एवेलियोला चांगली कल्पना होती. कादंबऱ्याच लिहायचा तो.

पाकीट आलं त्या वर्षी शहरातल्या क्लबच्या काव्यस्पर्धेला एकशे चार प्रवेशिका आल्या होत्या. पद्धत जुनीच. कवितेच्या तीन टंकलिखित प्रती, वर नावाऐवजी एखादं बोधवाक्य किंवा नुसता शब्द, आणि सोबत बंद पाकीट, ज्याच्या बाहेर तोच शब्द आणि आत खरं नाव-पत्ता. निकाल लागला की विजेत्याचं पाकीट मंचावर फोडायचं आणि त्याला ताजं गुलाबाचं फूल द्यायचं. बाकीची पाकिटं न उघडता जाळून टाकायची, म्हणजे हरलेल्याचं नाव कुणाला कळू नये, त्याची अब्रू झाकलेली राहावी. परीक्षक तिघं: कॅथेड्रलचे एक पाद्री, एक औषधवाले, आणि छत्तीस वर्षांचा एवेलियो, ज्याचे दोन कवितासंग्रह आले होते आणि ज्याच्याकडून शहराला अपेक्षा होत्या. तो सचिवही होता. 'नीळ' या नावाच्या कविता त्यानं क्लबच्या वाचनालयात दुपारी जेवणाआधी वाचल्या आणि जेवायला गेला नाही. सहाच कविता. कपड्यांच्या, वाफेच्या, थंड पाण्यानं सुजलेल्या बोटांच्या, आणि एका मेलेल्या आईच्या. त्यात ते होतं: 'आई गेल्यापासून चादरीचं दुसरं टोक मी दाराच्या कडीला बांधते.' एवेलियोला त्या क्षणी कसं वाटलं हे तो कधीच विसरला नाही. आनंद झाला, आणि आनंदाच्या खालोखाल लगेच हेवा वाटला. संध्याकाळी टेबलावर पाद्री म्हणाले, "ही धोब्याची वही कुणाची?" आणि एवेलियोनं, ज्यानं तोंड उघडलं असतं तर गुलाब त्या सहा कवितांना गेला असता, एवढंच म्हटलं, "प्रामाणिक आहे. पण घरगुती." गुलाब दुएरो नदीवर दोनशे ओळी लिहिणाऱ्या एका कॅप्टनला गेला. पाकिटं जाळायचं काम सचिवाचं. शेगडीवर एकेक पाकीट धरताना त्यानं ते एक कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. चोरण्यासाठी नाही. हे तो आजही शपथेवर सांगेल. त्याला त्या माणसाला पत्र लिहायचं होतं. 'तुम्ही लिहीत राहा,' एवढंच. उद्या लिहू, असं करता करता सहा महिने गेले. मग इतका उशीर झाल्याबद्दल काय लिहायचं ते सुचेना. दोन वर्षांनी कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडली, नायकाची आई मेली आणि त्याला काहीच वाटेना, तेव्हा एवेलियोनं टेबलाचा खण उघडून त्या सहा कवितांची ठेवून दिलेली प्रत काढली. कडी त्यानं काढून टाकली. दाराच्या कडीला चादर बांधायची हे त्याला ओढूनताणून आणलेलं वाटलं. त्याऐवजी 'जगात कुणी' घातलं. वाक्य भरदार झालं. प्रकाशकाचं पत्र आलं, या एका वाक्यासाठी पुस्तक राहील. तसं ते राहिलं.

फळं कापायच्या सुरीनं त्यानं पाकीट फोडलं. आत अर्धा कागद. गोल, काळजीपूर्वक अक्षर. कासिल्दा प्रिएतो, वय एकतीस, सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री होणाऱ्या मुलांच्या शाळेच्या, कपडेखोलीत कामाला, बाल्बोर्रास रस्ता, तिसरा मजला. त्यानं ते दोनदा वाचलं. बाल्बोर्रास! नदीकडे उतरणारा तो उभा रस्ता त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. अडतीस वर्षं तो तिथून फिरायला जात होता. कितीदा तरी त्या बाईच्या खिडकीखाली उभा राहून त्यानं श्वास घेतला असेल.

पाकीट घेऊन तो निघाला. मनाला बदलायला वेळ द्यायचा नाही एवढं त्याला कळत होतं. वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. 'बाई, मी तुमचा अपराधी आहे.' छे, नाटकी. 'बाई, आयुष्यभर एक ओझं मी वाहिलं आहे.' ओझं तिनं वाहिलं असेल की यानं? ते काढलं. 'तुमच्या एका सुंदर ओळीनं माझ्या दुबळ्या क्षणी...' आणि बाल्बोर्रासच्या उतारावर तो मधेच थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की आपण कबुलीजबाबाचा मसुदा करतोय आणि 'दुबळ्या' ऐवजी जास्त चांगलं विशेषण शोधतोय. त्याला स्वतःची किळस आली. खालच्या दारूच्या दुकानात त्यानं विचारलं, कासिल्दा प्रिएतो अजून इथं राहतात का. दुकानदार पेला पुसत म्हणाला, "राहतात म्हणजे? आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार ती. वर जा, ऊन आहे, गच्चीवर असेल." ती मेलेली निघाली तर बरं, असं एवेलियोला मनातून वाटत होतं. जिने चढताना प्रत्येक मजल्यावर त्याला ते कळत गेलं.

दार उघडंच होतं. खोलीच्या पलीकडे गच्चीचं दार, त्यातून ऊन आत आलेलं, आणि कपड्यांचा ढीग दोन्ही हातांत घेऊन एक बुटकी, रुंद म्हातारी आत येत होती. तिनं त्याला पाहिलं आणि ढीग खुर्चीवर टाकला. "अगं बाई! मास्तर? रेडिओवरचे मास्तर? माझ्याकडे?" तिनं हात कमरेला पुसले. एवेलियो एकेकाळी दर रविवारी शहराच्या रेडिओवर दहा मिनिटं कविता वाचत असे. ते त्याचं तोच विसरला होता. "या, या. शिडी चढून आल्यासारखे धापताय. पाणी देऊ? कुणी मेलं तर नाही ना?" तो म्हणाला, नाही, कुणी मेलं नाही, जरा बोलायचं होतं. "बोला की. पण उन्हाच्या चादरी गरम आहेत तोवर घडी घातली तर इस्त्री वाचते. आलाच आहात तर धरा जरा हे टोक." आणि त्यानं काही म्हणायच्या आत तिनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातांत दिली आणि मागे मागे सरकत गच्चीच्या दारापर्यंत गेली. त्या दाराच्या जाड लोखंडी कडीला दोन फिती बांधलेल्या होत्या आणि फितींच्या टोकांना कपड्यांचे लाकडी चिमटे. ते काय आहे, हे त्याला कळलं नाही.

"अंगठा आत घ्या. हं. आता ओढा. अहो ओढा, तुटत नाही ती! शाळेत मुलांचे कान ओढायचे तसे." त्यानं ओढलं. पलीकडून तिनं ओढलं, आणि सत्तरीच्या त्या बाईच्या हातांतला जोर चादरीतून त्याच्या खांद्यापर्यंत आला. "आता या माझ्याकडे." तो चालत गेला. तिनं त्याची टोकं आपल्या हातांत घेतली, तिची कोरडी, गाठाळ बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि तिनं खाली लोंबणारी घडी त्याच्या हातात देऊन पुन्हा मागं पाठवलं. "छान. शिकलात. आता बोला."

पण तो बोलायच्या आत तीच बोलू लागली. दुसरी चादर उलगडताना ती म्हणाली, "तुम्हाला देवानंच धाडलं. मला तुमची माफी मागायची होती. किती वर्षं झाली, सांगू? पस्तीस." एवेलियोला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. "हसू नका हं. मी एकदा कविता केल्या होत्या. सहा. स्पर्धेला पाठवल्या, पडल्या, पाकीट जळालं, संपलं. मग तीन वर्षांनी तुमचं पुस्तक आलं. आमच्या सेमिनरीतल्या स्वयंपाकीण बाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शेवटी ते चादरीचं आलं. मी उठूनच उभी राहिले, मास्तर. तसलंच मी लिहिलं होतं. मला वाटलेलं की माझं मला सुचलं! सोमवारी एकटी घडी घालताना सुचलं असं मला अगदी आठवत होतं, बघा, मन किती खोटारडं असतं. तुम्ही कधीतरी रेडिओवर म्हटलं असणार, माझ्या कानात राहिलं असणार, आणि मी बावळट, माझं म्हणून पाठवलं. वर परीक्षकांत तुम्ही! काय म्हणाला असाल, ही कोण चोरटी! देवाची कृपा म्हणून पाकीट जळालं आणि माझं नाव तुम्हाला कळलं नाही. ओढा ना, सैल सोडू नका."

त्यानं ओढलं. "मग?" त्यानं विचारलं.

"मग काय. फादर गुमेर्सिन्दोंकडे गेले, कबुली दिली. ते म्हणाले, सातवी आज्ञा, कासिल्दा. चोरी ती चोरी, शब्दांची असली तरी. महिनाभर रोज जपमाळ सांगितली आणि लिहिणं बंद. महिना संपला, जपमाळही संपली, पण लिहिणं काही परत आलं नाही. वहीत अजून पानं होती, ती मी दूधवाल्याला चिठ्ठ्या लिहायला वापरली. या, माझ्याकडे या." तो गेला. हातात हात आला. "पण तुमची माफी राहूनच गेली. दोनदा तुमच्या दारापर्यंत आले. एकदा तुमच्या बाईसाहेबांनी दार उघडलं, तर मी म्हटलं, चुकलं घर. किती चांगल्या होत्या, पाणी पिऊन जा म्हणाल्या." तिनं त्याच्या तोंडाकडे वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि लाजही होती, लहान मुलीची असावी तशी. "माफ कराल ना मला, मास्तर?"

"अहो, त्यात काय एवढं," एवेलियो म्हणाला.

ते त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. सभ्य माणसाच्या तोंडात असली वाक्यं तयारच असतात. पण म्हटल्यावर ते किती सोपं होतं, हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. एवढंच पुरे होतं. बाई सुखी, तो सुखी, पाकीट दुएरोत टाकायचं, रविवारी महापौर पडदा ओढतील, भिंतीवरचं वाक्य दोघांनाही पुरून उरेल. कासिल्दानं छातीवर क्रूस काढला. "सुटले बाई," ती म्हणाली, आणि खरोखरच हसली, तिचा सगळा चेहरा मोकळा झाला, आणि तिनं उत्साहानं तिसरी चादर उचलून झटकली. ते हसणं त्याला सहन झालं नाही. शिव्या सहन झाल्या असत्या. त्यासाठीच तर तो आला होता. पण आपल्या पापाची माफी आपल्याकडेच मागून ही बाई आज सुखानं झोपणार होती. त्यानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"टोक! टोक सोडू नका!" ती ओरडली, पण त्याच्या बाजूची चादर फरशीवर पडली होती. त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं आपलं टोक न सोडता मान पुढं काढून पाहिलं. निळी शाई. तिचा शब्द.

"हे जळालं होतं ना?"

"नाही. मी ठेवलं." तयार केलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. "मी आज उघडलं. ओळ तुमची आहे. तुम्ही कुठं ऐकली नव्हती. मी रेडिओवर कधी म्हटली नव्हती. मला ती सुचलीच नाही. मी चोरली."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. कासिल्दाचे ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत असावी. मग तिनं विचारलं, आणि आवाज मोठा नव्हता, "म्हणजे मी फादरना खोटं सांगितलं?"

"तुम्ही नाही हो. मी..."

"मी केलंच नव्हतं ते मी केलं म्हणून सांगितलं. गुडघ्यावर बसून." तिनं मान हलवली. "ते तर गेले कधीचेच. आता कुणाला सांगू?" एवेलियो म्हणाला, रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, महापौरांसमोर, भिंतीवरचं माझं नाव काढायला लावणार आहे. ती म्हणाली, "सांगा. नाहीतर नका सांगू. ते तुमचं तुम्ही बघा." मग एकदम, जणू इतका वेळ तिला तेच विचारायचं होतं, "माझी कडी का काढलीत?"

"काय?"

"माझ्या ओळीत दाराची कडी होती. ती तुमच्या पुस्तकात नव्हती. मी तेव्हा म्हटलं, बरोबर आहे, मोठ्या माणसाला कशाला लागते कडी, ती मी माझ्या पदरची घातली असणार. का काढलीत?"

खोटं बोलायची सवय होती, पण या वेळी ती उपयोगी पडली नाही. "मला वाटलं," तो म्हणाला, "असं खरोखर कुणी करत नसेल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. परक्या माणसाकडे बघतात तसं. मग तिनं वाकून फरशीवर पडलेलं टोक उचललं, धूळ झटकली. त्यानं हात पुढं केले, अंगठे आत घेऊन, तिनं शिकवले होते तसे. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बसा तुम्ही. दमलात. पुढं कधी माझ्या कवितांचे कागद तेवढे आणून द्या, असतील तर." ती चादर घेऊन गच्चीच्या दाराशी गेली. कडीला लोंबणाऱ्या फितींचे दोन चिमटे तिनं दोन टोकांना लावले, मागे मागे सरकत आली, अंगठे आत घेऊन चादर ताणली, झटकली, आणि चालत दाराकडे जाऊन टोकांना टोकं जुळवली. कडी हलली नाही. एवेलियो खुर्चीवर बसून होता. राहिलेल्या चादरींच्या घड्या तिनं एकटीनं घातल्या.